उत्तेजित अणुकेंद्रकाचा गॅमा क्षय संगणकावर उतरवताना

भौतिकशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात गॅमा किरणांचे सिम्युलेशन हा प्रकल्पासाठी आवडीने घेतला जाणारा विषय आहे. किरणोत्सारी स्रोत हाताळण्याची परवानगी लागत नाही, महागडा डिटेक्टर लागत नाही, साधा लॅपटॉप पुरतो. पण यातले बरेच प्रकल्प एकाच ठिकाणी अडतात. विद्यार्थी सर्नच्या परिवारातली जिआंट-4 सारखी मोठी प्रणाली उतरवून घेतो, तिच्यातले तयार उदाहरण चालवतो आणि पडद्यावर वर्णपट उमटतो. त्यातले कोणते शिखर कुठून आले, ते तेवढेच उंच का आणि ते बरोबर आहे हे कशावरून, असे परीक्षकाने विचारले की उत्तर सापडत नाही.

या लेखात सुचवलेली वाट उलटी आहे. ज्या अणुकेंद्रकाचे उत्तर आधीच माहीत आहे ते निवडा. त्याचा क्षय स्वतःच्या शंभर-दीडशे ओळींच्या प्रोग्रामने करून पाहा. प्रत्येक पायरीवर आलेला आकडा कागदावर काढलेल्या आकड्याशी जुळवा आणि मगच पुढची पायरी चढा. या कामातला मुख्य धोका असा की चुकीचा प्रोग्रामसुद्धा देखणा वर्णपट काढतो. म्हणून तपासणी शेवटी उरकायची नसते, ती पहिल्या ओळीपासून सोबत ठेवायची असते.

पायथन येत असेल आणि अणुकेंद्रकाच्या ऊर्जापातळ्या, स्पिन, पॅरिटी या कल्पना पदवीच्या अभ्यासात भेटल्या असतील, तर एवढ्या तयारीवर हे सगळे जमते.

पहिला नमुना: कोबाल्ट-60

सुरुवातीला कोबाल्ट-60 घ्या. महाराष्ट्राला हा समस्थानिक अपरिचित नाही. लासलगावला 2002 साली सुरू झालेले भाभा अणुसंशोधन केंद्राचे ‘कृषक’ विकिरण केंद्र याच्याच गॅमा किरणांवर चालते. कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून ते उभे राहिले आणि 2007 मध्ये अमेरिकेला निघालेला हापूस तिथूनच विकिरण घेऊन गेला. कर्करोगावरच्या टेलिकोबाल्ट यंत्रांतही हाच स्रोत असतो.

आपल्या कामासाठी मात्र त्याची निवड वेगळ्या कारणाने करायची: त्याची साखळी छोटी आहे आणि फार काळजीपूर्वक मोजलेली आहे. कोबाल्ट-60 चे अर्धायुष्य 5.27 वर्षे. बीटा क्षयाने तो निकेल-60 होतो, पण निकेलचे हे अणुकेंद्रक शांत नसते. शंभरातल्या 99.88 वेळा ते 2505.7 केईव्हीच्या पातळीवर जन्मते आणि उरलेल्या 0.12 वेळा 1332.5 केईव्हीच्या पातळीवर. (केईव्ही म्हणजे एक हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट.) वरच्या पातळीचा स्पिन 4 आणि पॅरिटी धन, मधलीचा स्पिन 2 आणि पॅरिटी धन, तळाची पातळी शून्य-धन. वरून मधलीवर येताना 1173.2 केईव्हीचा गॅमा निघतो आणि मधलीवरून तळाशी जाताना 1332.5 केईव्हीचा. प्रयोगशाळेत नेहमी दिसणारी दोन शिखरे ती हीच.

आणखी एक पातळी आहे, 2158.6 केईव्हीची, तिचाही स्पिन 2 आणि पॅरिटी धन. वरच्या पातळीवरून दहा लाखांत सुमारे 75 वेळा 347.1 केईव्हीचा गॅमा निघून अणुकेंद्रक या पातळीवर येते. वरून थेट तळाशी उडी मारणारा 2505.7 केईव्हीचा गॅमा तर सुमारे पाच कोटी क्षयांत एखादाच. स्पिन 4 वरून शून्यावर येताना त्या एकट्या गॅमाला चार एकके कोनीय संवेग न्यावा लागतो आणि बहुध्रुवाची कोटी जसजशी वाढते तसतसा उत्सर्जनाचा वेग अनेक दशघातांनी घसरतो. ही दुर्मीळ उडी पुढे एका महत्त्वाच्या तपासणीत उपयोगी पडेल.

तक्ता हा पाया

प्रोग्रामच्या आधी तक्ता तयार करा. प्रत्येक पातळीसाठी ऊर्जा, स्पिन-पॅरिटी, अर्धायुष्य आणि तिथून निघणाऱ्या वाटा. प्रत्येक वाटेसाठी कुठे पोचते, गॅमाची ऊर्जा किती, किती टक्के वेळा ती घडते आणि अंतर्गत रूपांतरणाचा गुणांक किती. ही माहिती अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेच्या नॅशनल न्यूक्लिअर डेटा सेंटरकडे ईएनएसडीएफ या संग्रहात असते. न्यूडॅट या त्यांच्या सोयीच्या दालनातून किंवा आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या लाइव्हचार्टवरून ती मोफत पाहता येते.

इथे तीन गोष्टींत हमखास गोंधळ होतो.

पहिली गोष्ट: तीव्रतेचे आकडे दोन तऱ्हांनी दिलेले असतात. क्षयाच्या नोंदीत ते मूळ केंद्रकाच्या शंभर क्षयांमागे असतात. पातळ्यांच्या नोंदीत प्रत्येक पातळीवरच्या सर्वांत बळकट वाटेला 100 मानून बाकीच्या वाटा मोजलेल्या असतात. प्रोग्रामला या दुसऱ्या प्रकारचे प्रमाण लागते, तेही बेरीज 1 येईल असे करून. दोन्ही तक्त्यांतले आकडे एकमेकांत मिसळले तर प्रोग्राम चालतो आणि शिखरांच्या उंच्या चुकतात.

दुसरी गोष्ट: दिलेली तीव्रता बहुधा फक्त गॅमाची असते. एखादी वाट किती वेळा घडली हे हवे असेल तर त्या तीव्रतेला (1 + रूपांतरण गुणांक) ने गुणावे लागते.

तिसरी गोष्ट जमाखर्चाची. 2158.6 च्या पातळीवर येणारे आणि तिथून जाणारे मोजून पाहा. दहा लाख क्षयांमागे सुमारे 75 वेळा केंद्रक तिथे येते. तिथून 826.1 चा गॅमा सुमारे 76 वेळा आणि 2158.6 चा सुमारे 12 वेळा निघतो. येणारे 75 आणि जाणारे 88 हे जुळत नाही. पण मोजमापांची अनिश्चितता लक्षात घेतली की हा फरक सीमेतच बसतो. असे दिसले की आकडे मनाने जुळवून टाकू नका. शाखांचे प्रमाण 76 ला 12 असेच ठेवा, फरक वहीत नोंदवा आणि अनिश्चिततेचा स्तंभ तक्त्यात पहिल्या दिवसापासून राखा.

एक घटना, पहिल्यापासून शेवटपर्यंत

मॉन्टे कार्लो पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस अलामॉसला स्टॅनिस्लॉ उलाम आणि जॉन फॉन नॉयमन यांच्या हातून आकाराला आली. निकोलस मेट्रोपोलिस आणि उलाम यांनी 1949 मध्ये ती याच नावाने लेखात मांडली. आपल्या प्रश्नाला ती अगदी सरळ लागू पडते, कारण अणुकेंद्रकाची प्रत्येक निवड मुळातच संभाव्यतेची आहे.

कृती अशी. 0 ते 1 मधली एक यादृच्छिक संख्या काढा. ती 0.9988 पेक्षा लहान असेल तर केंद्रक 2505.7 वर ठेवा, नाहीतर 1332.5 वर. मग त्या पातळीच्या वाटांची संभाव्यता ओळीने बेरीज करत मांडा आणि नवी यादृच्छिक संख्या काढून ती कोणत्या टप्प्यात पडते ते पाहा. ती वाट घ्या, गॅमाची ऊर्जा यादीत टाका, केंद्रकाला खालच्या पातळीवर आणा. तळाशी पोचेपर्यंत हेच करत राहा. तळाशी आल्यावर जी यादी हातात असते ती एक घटना.

घटना हा शब्द इथे जपून वापरायचा आहे. एका क्षयातून निघालेले सगळे गॅमा एकत्र, एकाच यादीत राहिले पाहिजेत. तीव्रतेचा तक्ता बघून 1173 चे एवढे आणि 1332 चे तेवढे गॅमा वेगवेगळे सोडण्याचा सोपा मार्ग दिसतो, पण त्यात दोन गॅमा एकाच केंद्रकातून पाठोपाठ आले हे ज्ञान नाहीसे होते. ते का लागते हे डिटेक्टरच्या पायरीवर दिसेल.

आता तपासण्या. दर घटनेतल्या गॅमांच्या ऊर्जांची बेरीज सुरुवातीच्या पातळीच्या ऊर्जेइतकीच आली पाहिजे. त्यात सूट नाही. (गॅमा सोडताना केंद्रकाला बसणारा धक्का 1332.5 केईव्हीसाठी सुमारे 16 इलेक्ट्रॉन व्होल्टचा असतो, तो इथे सोडून देता येतो.) दर क्षयामागची सरासरी कागदावर काढा: 0.9988 गुणिले 2505.7 अधिक 0.0012 गुणिले 1332.5, म्हणजे सुमारे 2504 केईव्ही. प्रोग्रामची सरासरी तिथेच आली पाहिजे. दहा लाख घटनांत 347.1 चे गॅमा 75 च्या आसपास दिसावेत, वर्गमुळाच्या नियमाने नऊएक इकडेतिकडे. 40 आले किंवा 130 आले तर पुढे जाऊ नका, तक्ता पुन्हा तपासा.

यादृच्छिक संख्यांसाठी पायथनमधल्या नमपायचा जनक पुरेसा चांगला आहे. फक्त त्याला दिलेले सीड वहीत लिहून ठेवा. तेच सीड दिले की तीच उत्तरे पुन्हा मिळतात आणि चूक शोधताना याचा फार आधार होतो. निष्कर्ष मात्र एका सीडवर ठरवू नका; दोन-तीन वेगळी सीड देऊन उत्तर टिकते का ते पाहा.

वेळेचा हिशेब

प्रत्येक पातळीवर केंद्रक किती वेळ थांबले हेही यादृच्छिक संख्येनेच ठरते. त्या संख्येचे नैसर्गिक लॉगॅरिदम घ्या, चिन्ह उलटे करा आणि सरासरी आयुष्याने गुणा. सरासरी आयुष्य आणि अर्धायुष्य यांत घोळ करू नका. अर्धायुष्याला 0.693 ने भागले की सरासरी आयुष्य मिळते. तपासणीही तीच: बऱ्याच घटनांतल्या थांब्यांची सरासरी सरासरी आयुष्याइतकी आणि मध्यगा अर्धायुष्याइतकी यावी.

निकेल-60 च्या बाबतीत हे सगळे काही पिकोसेकंदांत आटोपते. डिटेक्टरच्या दृष्टीने दोन्ही गॅमा एकाच क्षणी येतात. सीझियम-137 चे तसे नाही. तो बीटा क्षयाने बहुतेक वेळा बेरियम-137 च्या 661.7 केईव्हीच्या दीर्घायुषी पातळीवर येतो आणि तिचे अर्धायुष्य 2.55 मिनिटे आहे. बीटा कण आणि गॅमा यांच्यात मिनिटांचे अंतर पडते, म्हणून खऱ्या डिटेक्टरमध्ये त्यांच्या ऊर्जा एका स्पंदात मिसळत नाहीत. तयार प्रणाली मात्र सीझियमचा पूर्ण क्षय तळापर्यंत एकाच घटनेत गुंडाळू शकते. वेळ न पाहता त्या घटनेतली सगळी ऊर्जा एकत्र केली तर निसर्गात नसलेली बेरीज वर्णपटात शिरते. यावर उपाय म्हणजे प्रत्येक नोंदीला वेळेचा शिक्का द्यायचा आणि डिटेक्टरच्या काळखिडकीपलीकडे जाणारी नोंद वेगळी घटना मानायची.

गॅमा न सोडणाऱ्या वाटा

पातळी खाली उतरली म्हणजे गॅमा निघालाच, असे नाही. केंद्रक आपली ऊर्जा कवचातल्या इलेक्ट्रॉनला थेट देऊन त्याला बाहेर काढू शकते. हेच अंतर्गत रूपांतरण. त्याचा गुणांक म्हणजे बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉनांचे गॅमांशी प्रमाण. कोबाल्टच्या दोन मुख्य गॅमांसाठी तो दहा हजारांत एक-दोन इतका क्षुल्लक आहे, पण बेरियमच्या 661.7 साठी तो सुमारे 0.11 आहे.

याची तपासणी सुंदर आहे. सीझियमच्या शंभर क्षयांतले चौऱ्याण्णव-पंचाण्णव त्या पातळीवर येतात. त्याला 1.11 ने भागा, सुमारे 85 येतात. तक्त्यांत 661.7 च्या गॅमाची तीव्रता तेवढीच दिलेली असते. तुमच्या प्रोग्राममधून 94 गॅमा बाहेर पडत असतील तर रूपांतरणाची पायरी राहून गेली आहे. ती अशी घालायची: वाट निवडल्यावर आणखी एक यादृच्छिक संख्या काढायची. ती 1 भागिले (1 + गुणांक) पेक्षा लहान असेल तर गॅमा, नाहीतर इलेक्ट्रॉन. इलेक्ट्रॉन निघाला की कवचात पोकळी राहते आणि ती भरताना क्ष-किरण किंवा ऑजे इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. बेरियमच्या वर्णपटात 32 केईव्हीच्या आसपास जे शिखर दिसते ते या क्ष-किरणांचे. गुणांक मिळवण्यासाठी ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतून आलेला ब्रिक हा गणक जगभर वापरला जातो.

एक नियम प्रोग्राममध्ये ठणकावून लिहा: स्पिन शून्यावरून स्पिन शून्यावर एकटा गॅमा कधीही जात नाही, कारण फोटॉनला किमान एक एकक कोनीय संवेग न्यावाच लागतो. ऑक्सिजन-16 ची पहिली उत्तेजित पातळी शून्य-धन आहे, सुमारे 6.05 एमईव्हीवर, आणि ती इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी सोडून खाली येते. असे संक्रमण तक्त्यात आले तर प्रोग्रामने गॅमा सोडण्याऐवजी थांबून सूचना दिली पाहिजे.

दिशा

पहिल्या गॅमाची दिशा सर्व बाजूंना सारखी घ्यायची. इथे नवशिक्यांची एक चूक नेहमी होते: ध्रुवकोन 0 ते 180 अंशांत सारखा वाटला जातो आणि गॅमा दोन्ही ध्रुवांपाशी दाटतात. सारखी वाटायची असते ती कोनाची कोज्या, –1 ते 1 मध्ये. तपासणी सोपी आहे. कोज्येची सरासरी शून्य यावी आणि तिच्या वर्गाची सरासरी एक तृतीयांश.

दुसऱ्या गॅमाची दिशा मात्र पहिल्यापासून स्वतंत्र नसते. पहिला गॅमा एका विशिष्ट दिशेला दिसला की मधल्या पातळीच्या स्पिनची मांडणी सारखी राहत नाही आणि दुसऱ्याला काही दिशा अधिक पसंत पडतात. 4–2–0 या साखळीसाठी दोन गॅमांमधल्या कोनाचे सूत्र सिद्धान्तातून मिळते: 1 अधिक कोज्येच्या वर्गाचा आठवा भाग, अधिक कोज्येच्या चौथ्या घाताचा चोविसावा भाग. 90 अंशांवर त्याचे मूल्य 1, 180 अंशांवर सात षष्ठांश. म्हणजे समोरासमोर निघणाऱ्या जोड्या काटकोनातल्या जोड्यांपेक्षा सुमारे 17 टक्के जास्त.

प्रोग्राममध्ये हे नाकार-स्वीकार पद्धतीने घाला. दुसऱ्या गॅमाची दिशा आधी कोणतीही घ्या, पहिल्याशी झालेल्या कोनासाठी सूत्राचे मूल्य काढा, त्याला सात षष्ठांशाने भागा आणि आलेल्या संभाव्यतेने ती दिशा स्वीकारा, नाहीतर नवी काढा. मग पाच-पाच अंशांच्या पट्ट्या करून सूत्राशी ताडा. पट्ट्यांचे घनकोन सारखे नसतात, त्यामुळे प्रत्येक पट्टीतली मोजणी तिच्या घनकोनाने भागायला विसरू नका. जिआंट-4 मध्ये गॅमांच्या दिशांचा हा संबंध आपणहून येत नाही, त्याचा पर्याय चालू करावा लागतो. ज्यांच्या प्रकल्पात दोन डिटेक्टर कोनात मांडलेले आहेत त्यांनी हे आधी पाहावे.

डिटेक्टरपर्यंत पोचताना

डिटेक्टरची पूर्ण भूमिती उभारण्याआधी एक खेळण्यातला डिटेक्टर करून पाहा. समजा, तो कोणत्याही गॅमाची सगळी ऊर्जा 10 टक्के वेळा शोषतो आणि उरलेल्या वेळी काहीच शोषत नाही. दिशांचा संबंध तूर्त बाजूला ठेवा. एका साखळीतले दोन्ही गॅमा 1 टक्का वेळा सापडतील आणि नोंद 2505.7 केईव्हीवर होईल. फक्त 1173 ची नोंद 9 टक्के वेळा, फक्त 1332 ची 9 टक्के वेळा, आणि 81 टक्के वेळा काहीच नाही. गॅमा वेगवेगळे सोडले असते तर दोन्ही शिखरे 10-10 टक्क्यांची आली असती आणि 2505.7 वर शिखरच उमटले नसते. घटना अखंड ठेवायची ती याचसाठी.

आता ती दुर्मीळ थेट उडी आठवा. तिचा गॅमाही 2505.7 केईव्हीचाच, पण पाच कोटींत एक. डिटेक्टरला चिकटून ठेवलेल्या स्रोताच्या वर्णपटात 2505.7 वर दिसणारे शिखर जवळजवळ सगळे बेरजेचे असते आणि ते नव्या गॅमाचे समजणे ही मोठी चूक ठरते. दोघांत फरक करण्याचा उपाय अंतरात आहे. स्रोत दूर असताना अंतर दुप्पट केले तर एकट्या गॅमाचे शिखर सुमारे चौथाईवर येते, बेरजेचे शिखर सोळाव्या हिश्श्यावर. हा प्रयोग सिम्युलेशनमध्ये करून पाहा. त्यातून मिळणारी समज पुस्तकातून मिळत नाही.

त्यानंतर खरा डिटेक्टर. इथे कॉम्प्टन विखुरण येते आणि त्याच्याही कडा आधीच हिशेबाने काढता येतात: 1173.2 साठी सुमारे 963, 1332.5 साठी सुमारे 1118 आणि 661.7 साठी सुमारे 477 केईव्ही. तुमच्या वर्णपटातला पठाराचा उतार याच जागी असायला हवा. शेवटी डिटेक्टरची फूट, म्हणजे त्याच्यामुळे शिखरांना येणारी रुंदी, घालायची. सोडियम आयोडाइडच्या स्फटिकात 662 केईव्हीवर ती सहा-सात टक्के असते, चांगल्या जर्मेनियम डिटेक्टरमध्ये 1332 वर सुमारे 2 केईव्ही. फूट शेवटीच घाला. आधी घातली तर तिच्या धुक्यात प्रोग्रामच्या चुका दडून राहतात.

मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भाभा केंद्राच्या सहकार्याने उभारलेला पेलेट्रॉन त्वरक आहे. क्लोव्हर प्रकारच्या जर्मेनियम डिटेक्टरांचा ‘इंगा’ हा राष्ट्रीय समूह ज्या केंद्रांवर आळीपाळीने मांडला गेला त्यांतले हे एक. तिथे एकाच केंद्रकातून निघालेले अनेक गॅमा एकत्र पकडून त्यांवरून पातळ्यांचा नकाशा काढला जातो. ज्यांना पुढे या दिशेने जायचे आहे त्यांच्यासाठी घटना अखंड ठेवण्याची सवय हीच पूर्वतयारी आहे.

पातळ्या माहीतच नसतात तेव्हा

कोबाल्टची साखळी पूर्ण मोजलेली होती. गॅडोलिनियमकडे वळले की चित्र बदलते. गॅडोलिनियम-157 मंद न्यूट्रॉन विलक्षण वेगाने गिळते. औष्णिक न्यूट्रॉनांसाठी त्याचा छेद सुमारे अडीच लाख बार्न आहे. जपानमधल्या सुपर-कामिओकांडे या न्यूट्रिनो वेधशाळेच्या पाण्यात 2020 मध्ये गॅडोलिनियम विरघळवले गेले ते यासाठीच. न्यूट्रॉन गिळताच गॅडोलिनियम-158 सुमारे 7.94 एमईव्ही ऊर्जेने उत्तेजित होते आणि ती ऊर्जा अनेक गॅमांच्या साखळीतून बाहेर टाकते. त्या उंचीवर एकाच स्पिनच्या पातळ्यांमधले सरासरी अंतर काही इलेक्ट्रॉन व्होल्ट इतकेच असते. तळापासून तिथपर्यंत पातळ्यांची संख्या प्रचंड आहे आणि त्यांतल्या फक्त खालच्या काही मोजलेल्या आहेत.

प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातल्या फ्रांटिशेक बेच्व्हार्झ यांनी 1998 मध्ये मांडलेला डाइसबॉक्स हा प्रोग्राम यावर मार्ग काढतो. एका ठरावीक ऊर्जेखाली सगळे मोजलेले आकडे घ्यायचे. त्या सीमेच्या वर पातळ्या यादृच्छिकपणे निर्माण करायच्या, पण पातळ्यांच्या घनतेच्या सूत्राला धरून. ते सूत्र बेथे यांच्या 1936 च्या कामातून निघालेले असो किंवा गिल्बर्ट आणि कॅमेरॉन यांच्या 1965 च्या स्थिर तापमानाच्या रूपातले असो. एका पातळीवरून दुसरीवर जाण्याचा सरासरी वेग गॅमा-बल फलनावरून ठरतो. पातळी कितीही उंच असली तरी हे फलन फक्त गॅमाच्या ऊर्जेवर अवलंबून असते, असे ब्रिंक आणि अ‍ॅक्सेल यांच्या नावाने ओळखले जाणारे गृहीतक मानते. शेवटी प्रत्येक वाटेला चढउतार दिला जातो. प्रसामान्य वितरणातून एक संख्या काढून तिच्या वर्गाने सरासरीला गुणायचे, हे पोर्टर आणि टॉमस यांचे 1956 चे वितरण. त्याची तपासणी अशी की या गुणकांची सरासरी 1 आणि विचरण 2 आले पाहिजे.

अशा रीतीने तयार झालेला पूर्ण नकाशा म्हणजे त्या केंद्रकाचे एक संभाव्य रूप. इथे एक सूक्ष्म आणि अत्यंत महत्त्वाची गोष्ट समजून घ्या. एकाच रूपात एक कोटी घटना चालवल्या तर मोजणीची चूक नगण्य होते, पण उत्तर त्या एका रूपापुरतेच खरे असते. दुसरे रूप निर्माण केले की शिखरांच्या उंच्या बदलतात. म्हणून अनेक रूपे तयार करायची, प्रत्येकात पुरेशा घटना चालवायच्या आणि रूपारूपांतला फरक ही स्वतंत्र अनिश्चितता म्हणून मांडायची. मोजणीची चूक जास्त घटनांनी कमी होते, ही होत नाही. अहवालात दोन्ही एकाच आकड्यात मिसळू नका.

इथेही हाताशी तपासण्या आहेत. प्रत्येक घटनेत गॅमा आणि रूपांतरण-इलेक्ट्रॉन यांना गेलेली ऊर्जा मिळून सुमारे 7937 केईव्ही भरली पाहिजे. न्यूट्रॉन पकडलेल्या पातळीची गॅमासाठीची एकूण रुंदी प्रयोगातून साधारण 0.1 इलेक्ट्रॉन व्होल्ट इतकी मिळते. तुमच्या सूत्रांतून ती याच्या दहापट येत असेल तर घनतेत किंवा बल फलनात घोटाळा आहे. घनतेची आणि बल फलनाची शिफारस केलेली मूल्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या आरआयपीएल या संग्रहात मिळतात. एकाच जोडीवर थांबू नका. दोन वेगळी घनता-सूत्रे आणि दोन वेगळी बल फलने घेऊन चारही उत्तरे शेजारी मांडा, म्हणजे कोणता निष्कर्ष गृहीतकांवर टेकलेला आहे ते लगेच दिसते.

अहवालात काय लिहावे

प्रकल्प सादर करताना पाच गोष्टी ठळक लिहा. तक्ता कोणत्या संग्रहातून आणि कोणत्या तारखेला घेतला. हे संग्रह सुधारत असतात. प्रणालीची आवृत्ती आणि सीड. किती घटना चालवल्या आणि प्रत्येक महत्त्वाच्या शिखराची मोजणीची चूक किती. कोणत्या तपासण्या केल्या आणि प्रत्येकीत अपेक्षित आकडा कोणता, आलेला कोणता. आणि पाचवी, सर्वांत मोलाची: उत्तराचा कोणता भाग मोजलेल्या माहितीवर उभा आहे आणि कोणता सूत्रांनी भरलेला आहे.

जिआंट-4 सारख्या प्रणालीकडे आता जरूर जा. 1998 च्या अखेरीस तिची पहिली आवृत्ती आली तेव्हापासून अनेक संशोधकांनी ती घडवली आहे. डिटेक्टरची खरी भूमिती, भिंतींवरून परतणारे गॅमा, आवरणातले शोषण हे सगळे तिच्यावरच सोपवावे. पण पहिल्या दिवशी तिच्यात कोबाल्ट-60 टाकून तुमच्या छोट्या प्रोग्रामचे आकडे तिच्याकडून मागा: 2504 केईव्हीची सरासरी, दहा लाखांत 75 वेळा 347.1, समोरासमोरच्या जोड्यांत 17 टक्क्यांची वाढ. एखादा आकडा जुळला नाही तर कारण सापडेपर्यंत सोडू नका. पर्याय बंद असेल, तक्ता जुना असेल किंवा चूक तुमच्या प्रोग्राममध्ये असेल. तो शोध घेताना जे शिकाल तेच पुढे अशा केंद्रकापाशी उपयोगी पडेल ज्याचे उत्तर कोणत्याच तक्त्यात दिलेले नाही. तिथे तुमच्या आकड्यावर इतरांनी विश्वास ठेवायचा असेल, तर तो आकडा कसा तपासला हे सांगण्याची तयारी तुमच्याकडे आजपासून असायला हवी.